समर्पण की धरोहर

भय्यासाहेबांची एक खोड मला इतक्या वर्षांत मोडता आली नाही. कागद हिंदीत असला की ते तो वाचून दाखवत नाहीत, मराठी करून सांगतात. आपण समोर बसलेलो, कागद त्यांच्या हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मधेच "हं, हे आपलं नेहमीचंच" म्हणून तीन ओळी गिळून टाकतात. त्या तीन ओळींत काय होतं विचारलं तर म्हणतात, "वहिनी, ते कायद्याचं आहे." जसा काही कायदा मला चावणार आहे.

भय्यासाहेब म्हणजे माझे धाकटे दीर. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढली. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. या हिंदी मुलखातल्या गावात, फ्रीगंजात, आमच्या भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर झोपतात आणि दोन्ही वेळा जेवायला खाली माझ्याकडे येतात. मी चौथी शिकले. तरी टावर चौकाजवळ भैरवगढच्या छाप्याच्या चादरींचं दुकान एकतीस वर्षं चालवलं, त्यातली अठरा वर्षं एकटीनं, हे गेल्यानंतर. मला घरात अक्का म्हणतात, बाजारातही अक्काच म्हणतात. माझं खरं नाव फक्त रेशन कार्डावर आहे.

या वर्षी गुडघ्यांनी जाहीर केलं की दुकानाचा जिना बंद. दुकान मी चैत्रात सोडलं. त्याचे जे आले ते बँकेत ठेवले, आणि दोघांनी ठरवलं की देवास रोडला सांध्यवन म्हणून म्हाताऱ्यांची वसाहत झाली आहे तिथे दोन खोल्या घ्यायच्या, शेजारी शेजारी, खालच्या मजल्यावर. जेवण तिथलंच, डॉक्टर तिथलाच. ठरवलं मीच, कबूल करते. भय्यासाहेब फक्त "हो" म्हणाले, पण इतक्या झटकन म्हणाले की मला जरा संशय आला.

मग ते जाऊन कागद घेऊन आले. आणि बसले मला मराठी करून सांगायला.

"दोन प्रकार आहेत, वहिनी. एक वारसा विभाग आणि एक साधा."

"वारसा विभाग म्हणजे?"

"जुनी इमारत असणार. जतन केलेली, हेरिटेज. पैसे दीडपट. आता सिंहस्थाच्या तयारीत गावात जे जे जुनं ते ते महाग झालंय."

मी म्हटलं, जुनी मी आहे तेवढी पुरे, भिंती तरी नव्या असू द्या. दीडपट पैसे देऊन ओल कोण विकत घेईल? तो कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. विषय संपला.

"साध्यात काय द्यायचं?"

"सुरुवातीला एकदाच समर्पण राशि. मग दर महिन्याचा खर्च."

"राशि? माझी कुंभ आहे."

"वहिनी, राशि म्हणजे रक्कम."

"ते मला कळतं. एकतीस वर्षं हिंदीत चादरी विकल्या. समर्पण म्हणजे काय ते सांगा."

इथे भय्यासाहेब खुलले. चष्मा काढून धोतरानं पुसावा तसा पायजम्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "हा तर माझ्या घरचा शब्द. समर्पण मूल्य. माणूस पॉलिसी मधेच सोडतो ना, तेव्हा त्याच्या हातात जे पडतं ते समर्पण मूल्य. हजारो लोकांना मी स्वतःच्या सहीनं दिलंय. तसंच हे. तुम्ही खोली सोडलीत की तुमची समर्पण राशि तुम्हाला परत."

"असं कागदावर लिहिलंय?"

"शब्दातच आहे, वहिनी. वेगळं लिहायला कशाला पाहिजे?"

मला तेवढंच हवं होतं, परत मिळण्याचं. का हवं होतं तेही सांगते. चार वर्षांपूर्वी मी असंच कायमची म्हणून पुण्याला केतकीकडे राहायला गेले होते. केतकी माझी लेक, जावई सोन्यासारखा, नातवंडं गुणी. अकराव्या आठवड्यात मी परत आले. भांडण नाही, काही नाही. सकाळी उठून कुणाला रागवायचं तेच कळेना. परत येता आलं, कारण दुकान उभं होतं, घर उभं होतं. आता दुकान नाही, आणि हे घरही आम्ही सोडलं की मालक पाडणार. उद्या सांध्यवनात करमलं नाही तर बँकेतले ते पैसे, तेवढाच माझा बाहेर पडायचा रस्ता. ते हातात असले तर मी कुठेही तळमजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन ताठ राहीन. नसले तर मग जिथे आहे तिथेच, आवडो न आवडो.

म्हणून तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. भाजी निवडताना तोच, केस विंचरताना तोच.

माणूस आधी पैसे देतो त्याला दुकानात एकच नाव नसतं. भैरवगढला छपाईवाल्याला रंग आणायला पैसे द्यायचे, त्याला आम्ही पेशगी म्हणायचो. ती मजुरीतून कापली जायची, म्हणजे पैसे परत येत नसत, माल येई. लग्नाच्या ऑर्डरीचं गिऱ्हाईक देऊन जायचं तो बयाना. त्यानं ऑर्डर मोडली की बयाना माझा, मी मोडली तर मला मान खाली घालून परत करावा लागे. दुकान घेताना आमच्या यांनी जुन्या मालकाला दिली ती पगडी. पगडी डोक्यावरून एकदा उतरली की तुमची नाही, पण उद्या दुसऱ्याकडून तुम्ही घेऊ शकता. मी तशीच घेतली. आणि गल्लीतल्या बायका यात्रेला जाताना आपला डबा माझ्या कपाटात ठेवून जायच्या ती अमानत. अमानतीला आपण हात लावायचा नाही, डबा जसा आला तसा गेला पाहिजे.

या चारांत समर्पण कुठे बसतं? दुकानात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ऐकला होता तो देवळात. आणि देवापुढे ठेवलेलं कोणी सहा महिन्यांनी मागायला गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हे भय्यासाहेबांना बोलून दाखवलं तर ते हसले. "वहिनी, देऊळ वेगळं, दस्तऐवज वेगळा."

"शब्द तोच आहे."

"शब्द तोच, पण खातं वेगळं."

"मग जाऊन विचारू. विचारायला काय पैसे पडतात?"

"चेक घेऊन जाऊ. विचारणं आणि देणं एकाच चकरेत होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन ई-रिक्षानं निघालो. रस्ते सगळे खोदून ठेवलेले, माझे गुडघे प्रत्येक खड्ड्याला नावं ठेवत होते. भय्यासाहेब इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही चेक खिशात घेऊन, लग्नाला निघाल्यासारखे बसले होते.

जागा छान आहे, खोटं कशाला बोलू. एकच लांब इमारत, पुढे व्हरांडा, जिना चढायचं काम नाही. व्हरांड्यात एक बाई मटार सोलत बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांच्याजवळ टेकले. करमतं का, जेवण तिखट असतं का, हे सगळं विचारून झालं. मग म्हटलं, "आपने शुरू में क्या दिया था? समर्पण?"

"वो तो बेटे ने भरा," त्या म्हणाल्या. "मुझे क्या मालूम, बहनजी."

"छोड़ के जाना हो तो?"

त्यांनी शेंग हातातच धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "ये तो मैंने कभी पूछा ही नहीं."

मटार पुन्हा सोलायला लागल्या. पण मला ते लागलं. ही बाई इथे कोणत्या शब्दावर राहते आहे ते हिलाच ठाऊक नाही. मी उठले ते सरळ ऑफिसात.

तिथले मॅनेजर शैलेंद्र म्हणून, चाळिशीचे, नीट भांग पाडलेले. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, मला माताजी म्हणाले.

मी म्हटलं, "अक्का बोलिए. माताजी लोग आरती में बैठते हैं, मैं पूछने आई हूँ."

"पूछिए, अक्काजी."

"समर्पण राशि मतलब क्या?"

"आप जो प्रवेश के समय सांध्यवन को देती हैं, वो."

"वो तो किसको देती हूँ, ये हुआ. मैं पूछ रही हूँ वो क्या होती है. किराया है?"

"नहीं, किराया नहीं."

"तो कमरा मेरा हो गया? बेच सकती हूँ?"

"नहीं नहीं, बेच नहीं सकते. पर घर आपका ही समझिए."

"समझूँ, पर है नहीं. ठीक. मतलब पगड़ी भी नहीं हुई."

शैलेंद्रला हसू आलं. भय्यासाहेबांनी घसा खाकरला, म्हणजे माझं पुरे करा. मी केलं नाही.

"और छह महीने बाद मेरा मन नहीं लगा, तो?"

"अक्काजी, यहाँ से कोई जाता ही नहीं."

"जाता नहीं, कि जा नहीं पाता?"

तो जरा थांबला. माणूस वाईट नव्हता, ते मी त्या थांबण्यावरून ओळखलं. वाईट माणूस तिथे थांबला नसता, अजून गोड बोलला असता. त्यानं टेबलावरचा कोरा फॉर्म फिरवून माझ्यापुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "सब साफ़ लिखा है. समर्पण राशि, अप्रतिदेय."

मी अक्षर अक्षर जोडत वाचते. मला वेळ लागतो, पण माझ्याकडून एकही अक्षर सुटत नाही. अ. प्र. ति. दे. य. हा शब्द मी पहिल्यांदा पाहत होते. भय्यासाहेबांनी घरी वाचला होता, हे नक्की. गिळलेल्या तीन ओळींतला होता.

"इसका मतलब?"

"मतलब, वापस नहीं होती."

मी भय्यासाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "असं कसं? समर्पण मूल्य तर..." आणि खिशावर हात ठेवून बसले, चेकच्या वर.

शैलेंद्रनं त्यांना विमावाल्यांचं समर्पण आणि हे समर्पण यातला फरक समजावला. तिथे माणूस पॉलिसी सोडून देतो, आणि त्याबद्दल कंपनी त्याला देते. इथे माणूस रक्कम सोडून देतो, आणि त्याबद्दल त्याला मरेपर्यंत खोली मिळते, महिन्याचा खर्चही कमी. दोन्हीकडे काहीतरी सोडणंच आहे. फक्त काय सोडायचं आणि काय मिळतं ते उलटं. मला हे फार आवडलं. राग यायच्या आधी मजा वाटली, की एकच शब्द दोन दुकानांत दोन बाजूंनी उघडतो. चौतीस वर्षं भय्यासाहेब काउंटरच्या ज्या बाजूला बसले, त्याच बाजूनं त्यांनी तो वाचला.

पण मजा वाटून माझा रस्ता थोडाच उघडणार होता? मी उठायच्या बेतात होते. उठता उठता, निव्वळ चौकशी म्हणून म्हटलं, "वो पुरानी बिल्डिंग तो दिखा दीजिए. आए हैं तो देख के जाएँ."

"कौन सी पुरानी बिल्डिंग?"

"हेरिटेजवाली. जिसका डेढ़ गुना लेते हो."

शैलेंद्र म्हणाला, "अक्काजी, बिल्डिंग तो एक ही है. तीन साल पहले बनी."

"फिर इनको दूसरा काग़ज़ किसका दिया?"

भय्यासाहेबांनी खिशातून घडी काढली. चारदा दुमडलेली. मी ती त्यांच्या हातातून घेतली, टेबलावर सरळ केली आणि वरची जाड अक्षरं जोडायला लागले. ध, रो, ह, र. धरोहर राशि.

आता हा शब्द माझ्या ओळखीचा होता. नुसत्या ओळखीचा नाही, माझ्या हाताखालून गेलेला होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका सरकारी वसतिगृहाला दोनशे चादरी पुरवायचं टेंडर मी भरलं होतं. टेंडरबरोबर धरोहर राशि भरावी लागली. मी माल दिला, आठ महिने चकरा मारल्या, आणि ती पूर्ण परत आणली. पैसाही कमी नाही. धरोहर म्हणजे काय ते मला कोणी मराठी करून सांगायची गरजच नव्हती. पण भय्यासाहेबांनी सांगितलं. गावात जिथे तिथे पाट्या असतात, हमारी धरोहर, नगर की धरोहर, आणि त्यांच्या डोक्यात तो वारसा बसला. त्यांनी धरोहरचा वारसा केला, वारशाची जुनी इमारत केली, आणि मी त्या इमारतीच्या ओल्या भिंतीही पाहून घेतल्या. ती इमारत या जगात नव्हतीच.

"ये वापस होती है?" मी विचारलं.

"जी. छोड़ने के तीन महीने में. रंगाई-पुताई का काट के."

"और मैं ऊपर चली गई तो?"

"जिसका नाम लिखवाएँगी, उसको."

"कमरा वही?"

"कमरा वही, खाना वही. बस रक़म ज़्यादा है, और महीने का ख़र्च थोड़ा ज़्यादा."

दुकानाच्या पैशांत ते बसत होतं. फार काही उरत नव्हतं, पण बसत होतं. मी म्हटलं पाच मिनिटं द्या, आणि भय्यासाहेबांना बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. मटारवाल्या बाई आत गेल्या होत्या. आम्ही त्यांच्या बाकावर बसलो.

भय्यासाहेब खिशातले चेक काढून त्यांच्या घड्या सारख्या करत बसले. मला वाटलं चूक झाली म्हणून शरमले आहेत. मग म्हणाले, "वहिनी, तरी समर्पणवालाच घ्या."

मी म्हटलं, "का? परत मिळत नाही हे आत्ता आपल्या कानांनी ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"परत मिळणार असले की तुम्ही जाल." ते समोरच्या कुंड्यांकडे बघत बोलत होते. "पुण्याला अकरा आठवडे टिकलात, ती तर पोटची लेक. इथे तुम्ही आठ टिकाल. मग तुम्ही भाड्याची खोली घ्याल फ्रीगंजात, आणि मी इथे. त्या डायनिंग हॉलमध्ये. वहिनी, मला साठ वर्षं कोणाबरोबर जेवायची सवय आहे, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे घरी मुद्दाम खोटं सांगितलंत?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो, घरी मला खरंच तसंच वाटलं होतं. अप्रतिदेय मी पाहिला, पण अर्थ नाही लागला, म्हणून पुढे गेलो. पण आत्ता आत शैलेंद्र वापस नहीं होती म्हणाला ना, तेव्हा खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं."

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. मी या घरात आले तेव्हा हा मुलगा वाण्याकडून आणलेला गूळ वाटेत अर्धा खाऊन यायचा आणि मला सासूबाईंपासून लपवायला सांगायचा. तेव्हापासून माझ्या ताटासमोर यांचं ताट आहे. मला एकटं राहायची भीती नाही, मी अठरा वर्षं दुकान एकटीनं ओढलं. यांना आहे, आणि ती मला कधी दिसली नव्हती, कारण रोज दोन वेळा हे खाली येऊन बसायचे आणि भाजीला नावं ठेवायचे.

मी जरा विचार केला. यांचा आणि माझा. यांना बाहेर पडायचा रस्ता नकोच आहे. परत मिळाले तरी ते कोणाकडे नेणार? कमी पैशांत, कमी खर्चात जन्मभराची खोली, यांना समर्पणच बरोबर. चुकीचा अर्थ लावून माणूस बरोबर कागदापाशी पोचला होता. फक्त मलाही ओढून त्याच कागदावर बसवत होता.

मी उठले. माझी काठी त्यांच्या हातात होती, ती मागून घेतली आणि तिथेच, आतून शैलेंद्रला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"भय्यासाहेब, नीट ऐका. तुम्ही समर्पणाचा कागद भरा, तो तुमच्यासाठी ठीक आहे. मी धरोहरचा भरते. जेवायला मी रोज तुमच्यासमोर बसेन, ते मला बसायचं आहे म्हणून. पैसे अडकले म्हणून बसलेली बाई तुम्हाला समोर चालेल का? मला तर चालणार नाही. ज्या दिवशी मला जावंसं वाटेल त्या दिवशी आधी तुम्हाला सांगेन, आणि तुम्ही मला अडवायचं ते तोंडानं अडवायचं, मला थांबा म्हणायचं, कागदाच्या आडून नाही. आणि दुसरं, आजपासून कुठलाही कागद माझ्यासाठी मराठी करायचा नाही. जसा लिहिला आहे तसा, हिंदीत, एक अक्षर न गाळता वाचायचा. अडलं तर अडलं म्हणायचं. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एवढं म्हणायची लाज वाटू नये."